यंत्राने रेखलेला निसर्ग

संगणकाने काढलेली सुरुवातीची चित्रे जवळजवळ सगळी सरळ रेषांची आहेत. फेब्रुवारी १९६५ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठात गेओर्ग नेस यांच्या संगणकचित्रांचे प्रदर्शन भरले. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या हॉवर्ड वाइज गॅलरीत बेल प्रयोगशाळेतील ए. मायकेल नोल आणि बेला यूलेश यांची चित्रे लागली. नोव्हेंबरमध्ये पुन्हा श्टुटगार्टमध्येच नेस आणि फ्रीडर नाके यांचे एकत्र प्रदर्शन झाले. ही सगळी मंडळी गणित आणि अभियांत्रिकीतून आलेली होती. जर्मन गटाच्या हाताशी प्लॉटर होता, म्हणजे कागदावर पेन सरकवणारे यंत्र. त्याला एवढेच समजे की या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत जायचे आहे. त्यामुळे चौकोन, तुटक रेषा आणि बहुभुजाकृती हीच त्याची चित्रभाषा झाली. नेस यांच्या प्रदर्शनाला आलेले काही चित्रकार हे पाहून संतापले. प्रदर्शनामागची प्रेरणा असलेले तत्त्वज्ञ माक्स बेन्झे यांनी ही ‘कृत्रिम कला’ आहे असे सांगून त्यांची समजूत काढायचा प्रयत्न केला.

या यंत्राला निसर्ग दाखवायचा तर सरळ रेष मोडावी लागणार, हे नेस यांना लवकर उमगले. १९६८ च्या सुमारास त्यांनी ‘शोटर’, म्हणजे खडी, या नावाचे चित्र केले. त्यात आडव्या ओळीत १२ चौकोन आहेत आणि अशा २२ ओळी आहेत. वरच्या ओळी शिस्तीत उभ्या आहेत. खाली येता येता प्रत्येक चौकोन थोडा अधिक कलतो, जागेवरून ढळतो, आणि शेवटच्या ओळी ओतलेल्या खडीसारख्या विस्कटतात. चौकोन किती कलायचा हे यंत्रातले यादृच्छिक आकडे ठरवतात आणि त्या आकड्यांना किती मोकळीक द्यायची हे आज्ञावली ठरवते. नियमाच्या आत योगायोगाला जागा देण्याची ही युक्ती साधी वाटते, पण पुढच्या तीस वर्षांतले संगणकातले डोंगर, झाडे, ढग आणि लाटा यांतल्या बहुतेकांचे मूळ तिच्यात आहे. याच सुमारास, १९६७ मध्ये, अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाचे चित्रकार चार्ल्स सुरी यांनी ‘हमिंगबर्ड’ हा चलत्‌पट केला. त्यात रेषांनी काढलेला पक्षी सुटा होऊन विखुरतो आणि पुन्हा जुळून येतो. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने तो आपल्या संग्रहात घेतला. तरी तो पक्षी आधी हाताने काढलेला होता. यंत्राने त्याला हलवले, पण घडवले नव्हते.

सत्तरच्या दशकात संगणकचित्राला घनता, प्रकाश आणि सावली मिळाली. त्यात यूटा विद्यापीठाचा वाटा मोठा होता. तिथे १९७५ मध्ये मार्टिन न्यूवेल यांनी एका चहाच्या किटलीचा आकार गणितात उतरवला आणि ती किटली या क्षेत्राची खूणच बनली. गुळगुळीत, चकाकणारी, एका रंगाची वस्तू दाखवणे जमू लागले. मात्र त्याच पद्धतीने झाड काढायचे म्हटले की सगळे अडून बसे. प्रत्येक पान, प्रत्येक डहाळी, सालीवरची प्रत्येक भेग वेगळी नोंदवायची तर त्या काळच्या कोणत्याही यंत्राची स्मृती पुरली नसती, आणि नोंदवणाऱ्याचे आयुष्यही पुरले नसते. त्यामुळे त्या वर्षांतली संगणकचित्रे पाहिली तर जग प्लास्टिकचे आहे असेच वाटते. त्या चित्रांत धूळ नाही, ओल नाही आणि कुजणेही नाही.

ही कोंडी फुटली ती एका गणितज्ञामुळे. बेनवा मँडेलब्रॉट हे न्यूयॉर्क राज्यातील आयबीएमच्या संशोधन केंद्रात काम करत. १९६७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी ब्रिटनच्या किनाऱ्याची लांबी किती, असा प्रश्न विचारणारा लेख लिहिला. मोजपट्टी जितकी लहान घ्यावी तितके अधिक खाचखळगे मोजणीत येतात आणि किनारा लांबतच जातो, हे लुइस फ्राय रिचर्डसन यांनी आधी दाखवून दिले होते. मँडेलब्रॉट यांनी त्यातून एक भूमिती उभी केली. किनारा, डोंगर, ढग, नदीचे फाटे यांचा लहान तुकडा मोठा करून पाहिला तर तो साधारण पूर्णासारखाच खडबडीत दिसतो. अशा आकारांना त्यांनी १९७५ मध्ये ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिले. शाळेतल्या भूमितीत वर्तुळ आणि शंकू असतात, तर निसर्गात वाकडेपणातच एक शिस्त असते, हे त्यांचे सांगणे होते. यंत्राच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा होता. डोंगराचा प्रत्येक दगड साठवून ठेवण्याची आता गरज नव्हती. दगड कसा निर्माण होतो याचा छोटासा नियम साठवला तरी भागत होते.

हा अर्थ लॉरेन कार्पेंटर यांनी नेमका पकडला. ते सिअ‍ॅटलमध्ये बोइंग कंपनीत होते आणि विमानांच्या संगणकचित्रांमागे खरे वाटणारे डोंगर असावेत अशी त्यांची इच्छा होती. १९७८ मध्ये मँडेलब्रॉट यांचे पुस्तक त्यांच्या हाती पडले. पुस्तकात डोंगरांची चित्रे होती, पण ती पद्धत कॅमेरा पुढे नेत नेत डोंगराच्या अंगावर जाण्याच्या सोयीची नव्हती. कार्पेंटर यांनी वेगळी वाट काढली. एक मोठा त्रिकोण घ्यायचा, त्याच्या बाजूंचे मध्यबिंदू यादृच्छिक प्रमाणात वर किंवा खाली सरकवायचे, त्यातून चार लहान त्रिकोण होतात, मग प्रत्येकाचे पुन्हा तसेच करायचे. लांबचा डोंगर थोड्या त्रिकोणांत आटोपतो आणि जवळ गेल्यावर तेवढाच भाग आणखी फोडला जातो. पाहणारा जवळ येईल तसा डोंगर जन्माला येत राहतो.

यातून त्यांनी दोन मिनिटांचा ‘व्हॉल लिब्र’ हा चित्रपट केला. व्हॅक्स संगणकावर त्याच्या एकेका चौकटीला २० ते ४० मिनिटे लागत. १९८० मध्ये संगणकचित्रकलेची वार्षिक परिषद, सिग्राफ, सिअ‍ॅटलमध्येच भरली आणि तिथे तो दाखवला गेला. कॅमेरा शिखरांवरून झेपावतो, दरीत उतरतो, कड्याला चाटून वळतो. सरळ रेषांवर पोसलेल्या त्या सभागृहाने उभे राहून दाद दिली. लुकासफिल्मच्या संगणक विभागाचे एड कॅटमल आणि एल्वी रे स्मिथ यांनी कार्पेंटर यांना तिथेच नोकरी देऊ केली. ती मिळावी हाही चित्रपट करण्यामागचा हेतू होता.

याच डोंगरांवरून कलेचा एक जुना वाद नव्या रूपात उभा राहिला. १९८२ मध्ये आलँ फूर्निए, डॉन फसेल आणि कार्पेंटर यांनी आपली पद्धत शोधनिबंधात मांडली. मँडेलब्रॉट यांनी त्याच नियतकालिकात तिच्यावर आक्षेप घेतले. ही आडवाट गणिताला प्रामाणिक नाही, असा त्यांचा रोख होता. गणिती दृष्टीने त्यांचे म्हणणे बरोबर होते, कारण मध्यबिंदू सरकवून केलेल्या डोंगरावर कधी कधी कागदाच्या घडीसारख्या सरळ दुमडी दिसतात. चित्रपटवाल्यांना मात्र वेग हवा होता आणि डोळ्याला पटेल असे रूप हवे होते. आणखी एक उणीव दोन्ही बाजूंच्या डोंगरांत होती आणि ती अधिक मूलभूत होती. या डोंगरांवर कधी पाऊस पडलेला नव्हता. ते उलटे केले तरी तसेच दिसत, शिखर आणि दरी यांत स्वभावाचा फरकच नव्हता. खऱ्या डोंगरात पाणी वरून खाली वाहते, घळी कोरते, गाळ पायथ्याशी आणून टाकते, आणि म्हणून दरी ही शिखराची उलटी प्रतिमा नसते. केन मस्ग्रेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये संगणकातल्या डोंगरावर हिशेबाने पाऊस पाडून, उतारावरून माती वाहू देऊन ही उणीव काही अंशी भरून काढली. चित्र अधिक खरे करायचे तर रूपाऐवजी इतिहास मोजावा लागतो, हे या कामातून दिसले. त्या दशकातली ही सर्वांत खोल गोष्ट म्हणावी लागेल.

जून १९८२ मध्ये ‘स्टार ट्रेक’ मालिकेतला दुसरा चित्रपट आला. त्यात ‘जेनेसिस’ या यंत्राचे सुमारे एक मिनिटाचे प्रात्यक्षिक आहे. एका मृत उपग्रहावर यंत्राचा मारा होतो, आगीची भिंत त्याच्याभोवती पसरत जाते, आणि तिच्यामागे डोंगर उभे राहतात, समुद्र भरतात, गोळा हिरवा होतो. डोंगर कार्पेंटर यांचे होते आणि आग विल्यम रीव्ह्ज यांची. आगीला पृष्ठभाग नसतो, त्यामुळे किटलीचे गणित तिथे लागू पडत नव्हते. रीव्ह्ज यांनी असंख्य कण सोडले आणि प्रत्येकाला जन्म, वेग, रंग व मरण दिले. तो कण कुठे गेला याची पूर्ण रेघ उमटू दिली की आगीऐवजी गवताचे पाते तयार होई, हे त्यांनी लगेच वापरून पाहिले. चित्रपटाच्या कथेत हे यंत्र निर्मितीचेही आहे आणि संहाराचेही, कारण जिथे आधीच जीवन आहे तिथे ते सोडले तर तिथले सगळे पुसून नवे लिहिले जाते. आपल्या कामाच्या अंगी असलेली ही दुहेरी शक्ती संगणकचित्रकारांच्या पहिल्या मोठ्या व्यावसायिक दृश्यातच मांडली गेली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पुढच्याच वर्षी याच गटाने ‘द रोड टू पॉइंट रेज’ हे एकच स्थिरचित्र केले. पॉइंट रेज हे सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेचे समुद्रालगतचे भूशिर, त्यांच्या कार्यालयापासून फार दूर नसलेले. चित्र मात्र त्या जागेचे हुबेहूब दर्शन नव्हते. त्यात वळणाचा डांबरी रस्ता आहे, लाकडी कुंपण आहे, पावसानंतरची डबकी आहेत, फुललेली झुडपे, गवत, दूरचे डोंगर आणि इंद्रधनुष्य आहे. डोंगर एकाचे, गवत दुसऱ्याचे, झुडपे तिसऱ्याची, डबक्यातले तरंग आणखी कोणाचे, असे ते सहा जणांचे चित्र होते. यंत्राने काढलेले एखादे निसर्गदृश्य रेंगाळत पाहावेसे वाटावे असे त्यात प्रथमच काही होते. चित्र रंगवणाऱ्या त्यांच्या आज्ञावलीला याच भूशिराचे नाव मिळाले. तिच्यातून वाढलेल्या ‘रेंडरमॅन’ प्रणालीवर पुढे पिक्सारचा ‘टॉय स्टोरी’ १९९५ मध्ये उभा राहिला.

झुडपांची गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी, कारण तिचे मूळ चित्रकलेत नसून जीवशास्त्रात आहे. हंगेरीत जन्मलेले ॲरिस्टिड लिंडनमायर हे जीवशास्त्रज्ञ नंतर नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात होते. शेवाळासारख्या धाग्यावाणी वाढणाऱ्या सजीवांत पेशी कशा विभागतात हे समजून घेण्यासाठी त्यांनी १९६८ मध्ये अक्षरांची एक नियमावली मांडली. समजा, ‘क’ या पेशीपासून पुढच्या पायरीला ‘कख’ होते आणि ‘ख’ पासून ‘क’ होते. सुरुवात एका ‘क’ ने केली तर पुढे कख, कखक, मग कखककख असे होत जाते. अक्षरांची संख्या १, २, ३, ५, ८ अशी वाढते. हीच मालिका बाराव्या शतकात हेमचंद्राने लघु-गुरू अक्षरांच्या मांडण्या मोजताना दिली होती, आणि सूर्यफुलाच्या बियांच्या आवर्तांतही तीच सापडते. लिंडनमायर यांच्या नियमांतली अक्षरे ‘पुढे जा’, ‘डावीकडे वळ’, ‘इथे फांदी फोड’ अशा आज्ञा मानली की कागदावर रोप वाढू लागते.

एल्वी रे स्मिथ यांनी १९८४ मध्ये ही नियमावली संगणकचित्रांत आणली. मूठभर अक्षरांतून फुलांनी लगडलेले झुडूप उभे राहते आणि वाढीच्या पायऱ्या कमी केल्या तर त्याच झुडपाचे रोपटे मिळते, यावर त्यांनी भर दिला. त्याच वर्षी स्मिथ यांच्या दिग्दर्शनाखाली ‘आंद्रे अँड वॉली बी.’ हा दोन मिनिटांचा चित्रपट झाला. त्यात जॉन लॅसेटर यांची पात्रे आणि रीव्ह्ज यांच्या कणांनी बनलेले दाट जंगल होते. ते रंगवायला क्रे महासंगणक आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतले अनेक व्हॅक्स कामाला लावावे लागले. तरीही मिनिॲपोलिसच्या सिग्राफमध्ये तो दाखवताना काही भाग नुसत्या तारांच्या सांगाड्यातच राहिला होता. एका काल्पनिक रानासाठी केवढी यंत्रशक्ती खर्ची पडते, हे तेव्हा अभिमानाने सांगितले जाई. त्या शक्तीचा हिशेब विजेच्या युनिटांत मागायला आणखी पस्तीसेक वर्षे जायची होती.

कॅनडातील गणितज्ञ-संगणकतज्ज्ञ प्रझेमिस्लाव प्रुसिंकिएविच यांनी लिंडनमायर यांच्याबरोबर वनस्पतींच्या या गणितावर ग्रंथ लिहिला. तो १९९० मध्ये निघाला. लिंडनमायर यांचे आधीच्या वर्षी निधन झाले होते. त्या ग्रंथातली लिली, सूर्यफुले आणि नेचे आजही पाहावीत अशी आहेत. ती छायाचित्रासारखी दिसत नाहीत, पण कळी आधी कुठे फुटते, फूल कोणत्या क्रमाने वर सरकते हे त्यांत खऱ्या झाडासारखे आहे. छायाचित्राच्या सच्चेपणापेक्षा हा वाढीचा सच्चेपणा श्रेष्ठ मानायला हवा. पुढच्या काळात बाजाराने नेमके उलट केले.

जपानचे योइचिरो कावागुची यांनी या सच्चेपणाला कलावंताची वाट दिली. त्यांचा जन्म १९५२ मध्ये तानेगाशिमा बेटावर झाला. हे बेट आज अग्निबाणांच्या उड्डाणतळासाठी ओळखले जाते. शंख, शिंगे, वेलींचे ताणे यांच्या वाढीचे नियम काढून त्यांनी सत्तरच्या दशकापासून स्वतःचे आकार वाढवायला घेतले आणि १९८२ मध्ये सिग्राफमध्ये त्यांवर निबंध वाचला. त्यांचे चमकदार, समुद्रतळात डोलणारे जीव पृथ्वीवर कुठेच नाहीत, तरी ते सजीव वाटतात. अमेरिकी चित्रपट निसर्गाचे दृश्य मिळवू पाहत होता. कावागुचींना निसर्गाची रीत हवी होती आणि ती हातात आल्यावर दृश्याची नक्कल करण्याची त्यांना गरज उरली नाही.

दोन शोध या काळात असे लागले की त्यांच्याविना पुढचे काहीच झाले नसते. केन पर्लिन यांनी ‘ट्रॉन’ या १९८२ च्या चित्रपटावर काम केले होते आणि त्यातले यांत्रिक, अतिनीटस रूप त्यांना खुपत होते. त्यांनी अशी पद्धत काढली की यादृच्छिक आकडे एकदम न उसळता एकमेकांत मिसळत वरखाली होतात. संगमरवराच्या शिरा, धूर, ढग, पाण्यावरचा तरंग, गंजलेला पत्रा हे सगळे त्यातून मिळू लागले. १९८५ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. पर्लिन यांनी तिचे पेटंट घेतले नाही, म्हणून ती सर्वत्र पोचली. १९९७ मध्ये तिला ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. दुसरा शोध क्रेग रेनल्ड्स यांचा. थवा हा कोणा नायकाच्या हुकमाने उडत नाही, हे त्यांनी १९८७ च्या निबंधात मांडले. प्रत्येक पक्षी शेजाऱ्याला धडकायचे टाळतो, शेजाऱ्याच्या दिशेने आणि वेगाने जातो, आणि जवळच्या गटाच्या मध्याकडे सरकतो. या तीन नियमांनी पडद्यावर थवा उडतो, अडथळ्यापाशी फुटतो आणि पलीकडे पुन्हा जुळतो. पक्षिनिरीक्षकांनाही विचार करायला लावणारी ही गोष्ट एका चित्रकर्मीच्या गरजेतून निघाली.

नव्वदच्या दशकात प्रश्नाचे टोक बदलले. निसर्ग पडद्यावर येऊ शकतो हे सिद्ध झाले होते. आता काही कलावंत विचारू लागले की पडद्यासमोरच्या माणसाचा निसर्गाशी संबंध कसला. कार्ल सिम्स यांनी महासंगणकावर ‘पॅनस्पर्मिया’ हा १९९० चा चित्रपट केला होता, ज्यात अवकाशातून आलेले बीज एका उजाड ग्रहावर रान माजवते. १९९७ मध्ये टोकियोत त्यांनी ‘गालापागोस’ मांडले. बारा पडद्यांवर बारा जीव दिसत. प्रेक्षक आपल्या आवडत्या जीवासमोर उभा राही, मग बाकीचे मरत आणि निवडलेल्याची बदललेली संतती पडद्यांवर येई. डार्विनच्या बेटांवर निवड परिस्थिती करते, इथे ती माणसाची आवडनिवड करत होती. कुत्र्यांच्या आणि गुलाबांच्या जाती माणसाने अशाच पैदा केल्या आहेत.

याहून अधिक जिव्हाळ्याची कलाकृती १९९२ मध्ये क्रिस्टा सोमरर आणि लोराँ मिन्योनो यांनी केली. सोमरर वनस्पतिशास्त्र शिकलेल्या होत्या. त्यांनी एका अंधाऱ्या खोलीत पाच खरी रोपे कुंड्यांत ठेवली आणि समोर मोठा पडदा लावला. माणसाने रोपाकडे हात नेला की माणूस आणि रोप यांच्यातल्या विद्युत्‌दाबात सूक्ष्म फरक पडतो. तो मोजून पडद्यावर आभासी वनस्पती वाढवली जाई. हात किती जवळ आहे, किती अलगद आहे, यावर वाढीची दिशा, रंग आणि आकार ठरत. पडद्यावरचे रान सुंदर होते, पण त्याकडे जाण्याचा रस्ता कुंडीतल्या जिवंत पानावरून जात होता आणि त्या पानाला जपूनच हात लावावा लागे. यंत्राने इथे निसर्गाची जागा घेतली नाही, त्याच्याकडे लक्ष वेधले. या सगळ्या इतिहासात हे क्वचितच घडलेले आहे.

कॅनडाच्या शार डेव्हिस यांची ‘ऑस्मोस’ ही कलाकृती ऑगस्ट १९९५ मध्ये माँट्रियलच्या समकालीन कला संग्रहालयात आली. डेव्हिस मूळच्या चित्रकार. सॉफ्टइमेज या कंपनीच्या उभारणीत त्यांचा वाटा होता, आणि ‘ज्युरासिक पार्क’मधल्या डायनोसॉरांसाठी वापरली गेलेली आज्ञावली याच कंपनीची. आभासी वास्तवाचा उपयोग तेव्हा युद्धसरावासाठी आणि खेळांसाठी होई. त्यात हाताने दिशा दाखवायची, वेगाने जायचे आणि लक्ष्य टिपायचे. डेव्हिस यांनी हात काढून टाकला. प्रेक्षकाच्या छातीला एक पट्टा बांधला जाई. श्वास घेतला की तो तरंगत वर जाई, सोडला की खाली येई, आणि शरीर कलले की दिशा बदले. आत एक पर्णहीन ओकवृक्ष होता, तळे होते, जंगल होते, पानाच्या आत जाता येई आणि मातीखाली मुळांपर्यंत उतरता येई. डेव्हिस यांची दृष्टी फार अधू होती. चष्म्याविना कडा विरघळलेले जग कसे दिसते याचा अनुभव त्यांनी या दृश्यांत वापरला. तिथे कशालाच कडक बाह्यरेषा नाही, झाडातून प्रकाश आरपार जातो. गुळगुळीत किटलीपासून सुरू झालेल्या तंत्राची ही पूर्ण उलट बाजू होती. मातीच्याही खाली उतरले तर एक वेगळाच थर लागे. तिथे हिरव्या अक्षरांत कलाकृतीची स्वतःची आज्ञावली वाहत असे. आपण ज्या झाडाखाली आहोत त्याची मुळे कशात आहेत हे डेव्हिस यांनी लपवले नाही. त्या पुढे क्वेबेकमधल्या एका खऱ्या जंगलजमिनीच्या सांभाळात गुंतल्या.

बाजार मात्र दुसरीकडे चालला होता. १९९४ मध्ये ‘ब्राइस’ ही आज्ञावली आली. यूटातल्या रंगीत खडकांच्या दरीचे नाव असलेल्या या साधनाने घरच्या संगणकावर, काही बटणे दाबून, कोणालाही डोंगर आणि तळे करता येऊ लागले. मँडेलब्रॉट आणि मस्ग्रेव्ह यांची वर्षानुवर्षांची मेहनत एका चौकटीत बसली. त्यातून निघालेली हजारो दृश्ये मात्र एकसारखी होती, जांभळे आकाश, आरशासारखे पाणी आणि दोन चंद्र. पुढे झाडांसाठी ‘स्पीडट्री’सारखी तयार साधने आली. २००९ च्या ‘अवतार’ चित्रपटाच्या जंगलातही स्पीडट्रीचा वापर झाला. जंगल वाचवण्याची ती कथा सांगायला सर्व्हरांनी भरलेली दालने महिनोन्‌महिने चालू होती. लिंडनमायर यांनी एका पेशीच्या विभाजनाकडे ज्या आस्थेने पाहिले होते ती आस्था तयार झाडांच्या यादीत शिल्लक राहणे कठीणच होते.

बघणाऱ्याच्या डोळ्यावर याचा काय परिणाम झाला हे एका छायाचित्रावरून कळते. जानेवारी १९९६ मध्ये चार्ल्स ओरिअर यांनी कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यात एका हिरव्या टेकडीचा फोटो साध्या फिल्मवर घेतला. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो विंडोज एक्सपीच्या पडद्यावर लावला आणि तो जगभरच्या कचेऱ्यांत पोचला. असंख्य लोकांना तो संगणकावर बनवलेला वाटला, कारण इतके स्वच्छ गवत आणि इतके निळे आकाश खरे असेल यावर विश्वास बसेना. त्या टेकडीवर खरे तर द्राक्षबाग असायची. मुळे पोखरणाऱ्या किडीमुळे त्या भागातल्या वेली उपटाव्या लागल्या होत्या, म्हणून त्या काळात तिथे गवत होते. २००६ मध्ये गोल्डिन आणि सेनेबी या स्वीडिश कलावंत जोडीने तीच टेकडी पुन्हा टिपली तेव्हा तिथे द्राक्षवेलींच्या रांगा होत्या. जगात सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या ‘निसर्गा’मागे शेतीवरची एक कीड होती, आणि पडद्यापुढे बसलेल्यांना ती टेकडी आणि तिची कीड दोन्ही अदृश्य होत्या.

विजेचा हिशेब २०२१ मध्ये दारात येऊन उभा राहिला. मार्चमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात बीपल या नावाने काम करणाऱ्या कलावंताची एक डिजिटल कलाकृती ६ कोटी ९० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. ही विक्री इथेरियम या साखळीवरच्या मालकीनोंदीच्या, म्हणजे एनएफटीच्या, रूपात झाली. त्या वेळी या साखळीवरची प्रत्येक नोंद पक्की करण्यासाठी असंख्य यंत्रे एकाच कोड्याच्या उत्तरासाठी शर्यत लावत आणि जिंकणारे एक सोडून बाकी सगळ्यांची वीज वाया जाई. फ्रेंच कलावंत ज्वॉनी लमेर्सिए प्रकाश आणि संगणकाच्या साहाय्याने डोंगर आणि झाडे रेखतात, आणि जर्मनीत हांबाखच्या कोळसाखाणीने गिळलेल्या जंगलासाठी आंदोलकांसोबत उभे राहिलेले आहेत. आपल्या स्टुडिओचा वीजवापर त्यांनी दरवर्षी कमी करत आणला होता. आपल्या सहा कलाकृतींची एनएफटी विक्री काही सेकंदांत जेवढी वीज घेऊन गेली ती स्टुडिओच्या दोन वर्षांच्या वापराहून अधिक होती, असे त्यांनी हिशेब मांडून जाहीर केले आणि पुढची विक्री रद्द केली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने नोंद पक्की करण्याची पद्धत बदलली आणि तिचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. कलावंतांचा रेटा हे त्यामागचे एकमेव कारण नव्हते, पण कलेची किंमत कोळशात मोजायची रीत त्यांनी पाडली.

ब्रिटनच्या अलेक्झांड्रा डेझी गिन्सबर्ग यांनी या इतिहासाचे दोन्ही पदर, निसर्गाची नक्कल आणि त्याची काळजी, हाती घेतले. मार्च २०१८ मध्ये केनियात सुदान हा उत्तरी पांढऱ्या गेंड्यांतला अखेरचा नर मेला. २०१९ च्या ‘द सब्स्टिट्यूट’ या कलाकृतीत पूर्ण आकाराचा एक गेंडा पांढऱ्या रिकाम्या खोलीत दिसतो. सुरुवातीला तो ठोकळ्यांचा असतो. खोलीत फिरत, जागा ओळखत जाताना त्याची कातडी, सुरकुत्या, श्वास स्पष्ट होत जातात. तंत्र जितके पूर्णत्वाला पोचते तितके हे जाणवते की त्याच्या पायाखाली गवत नाही आणि त्याच्यासोबत दुसरे कोणीही नाही. जिवंत गेंड्यांकडे पाठ फिरवून कृत्रिम जीव घडवण्यावर एवढे कष्ट का घ्यावेत, हा त्या कलाकृतीचा उघड प्रश्न आहे.

‘पॉलिनेटर पाथमेकर’मध्ये गिन्सबर्ग यांनी आज्ञावलीला वेगळे काम दिले. कोणत्या जागी, कोणत्या मातीत, कोणती झाडे कशी लावली तर अधिकाधिक जातींच्या परागवाहक कीटकांना वर्षभर अन्न मिळेल, हे ती ठरवते. माणसाला बाग कशी दिसेल हा तिचा निकष नाही. मधमाश्या, भुंगे, फुलपाखरे, पतंग यांचे उडण्याचे मार्ग आणि फुलण्याचे हंगाम हे तिचे निकष आहेत. पहिली बाग २०२१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या ईडन प्रोजेक्टमध्ये लागली, दुसरी २०२२ मध्ये लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये आणि त्यानंतर २०२३ मध्ये बर्लिनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयासमोर. कोणालाही आपल्या अंगणापुरता आराखडा त्या आज्ञावलीकडून मोफत करून घेता येतो. आराखड्यानुसार रोपे लावली की संगणकाचे काम संपते आणि पाणी घालणे, मेलेल्या रोपाच्या जागी नवे लावणे, तण काढणे हे माळ्याच्या हाती येते.